टीडीएसचा आकडा, गुळाचा चहा आणि बाळाच्या गुटीतला मध

पुण्यातल्या वाघोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. नव्या सोसायटीत महापालिकेचं पाणी कधी येतं, कधी नाही. उरलेली गरज बोअर आणि टँकरवर भागते. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, कधी ९० दिसतो, कधी ६८०. आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून क्षार गाळणारं यंत्र, विकायला आलेल्या माणसाने त्यांच्याच पाण्याचा डोळ्यांदेखत तपकिरी चिखल करून दाखवला, तेव्हापासून घरात कुणाला ते पाणी घशाखाली उतरत नाही. यजमानांचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं म्हणून साखर बंद करून गूळ आणि मध सुरू केला आहे. सासूबाईंचा भरवसा तांब्याच्या हंड्यावर आहे, आणि आठ महिन्यांच्या नातवाला त्या गुटीत मध देतात. तर कोणतं यंत्र घ्यावं आणि साखरेऐवजी नेमकं काय वापरावं, असा प्रश्न आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. त्याआधी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली, म्हणून दोन्हींवर बोलते.

पण आधी बाळाचं, कारण ते उद्यावर ढकलण्यासारखं नाही. गुटीतला मध आजच बंद करा. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. सुरुवात साध्या बद्धकोष्ठतेने होते, मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडणं बारीक होतं, मान टाकतं. असे प्रसंग फार क्वचित घडतात हे खरं, पण घडला तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. मध रानातला आहे, ओळखीच्या माणसाकडचा आहे, गरम करून दिला आहे, यातल्या कशानेही फरक पडत नाही. घरगुती उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. सासूबाईंशी वाद घालू नका. पहिल्या वाढदिवसानंतर मधाचं पहिलं बोट आजीनेच चाटवायचं, असं ठरवून टाका. आणि त्याच्या खिमटात किंवा नाचणीच्या सत्त्वात गूळही नको, साखरही नको. त्याला गोडाची सवय नाही, ती आपणच लावतो. केळं कुस्करून घाला, पुरे.

आता तो पेल्यातला चिखल. विक्रेता दोन पेले घेतो, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत एका उपकरणाच्या धातूच्या कांड्या बुडवतो, एक लोखंडाची, एक अॅल्युमिनियमची, आणि वीज सोडतो. मिनिटभरात तुमच्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ फुगून वर येतो आणि दुसरा पेला स्वच्छ राहतो. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, तिने लोखंडाची कांडी झिजते आणि तोच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून वीज वाहत नाही आणि काहीच होत नाही. पुढच्या वेळी असा कुणी आला तर त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो.

टीडीएस मीटरचंही तेच. तो पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. आरओच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जेमतेम हलेल. मीठ टाका, आकडा हजारांत जाईल. पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का, नायट्रेट आहे का, फ्लोराइड आहे का, हे त्याला कळत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचा आकडा ३००च्या आत असू शकतो, आणि एखाद्या विहिरीचं निकोप पाणी ७०० दाखवू शकतं. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं आहे. म्हणजे तुमचे ६८० हे काही विष नव्हे. चव मचूळ लागेल, डाळ शिजायला वेळ लागेल, गिझरमध्ये पांढरा थर साचेल.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एकाच टाकीत तीन ठिकाणचं पाणी येतं आणि त्यातल्या टँकरचं पाणी कुठून भरलं, हे सोसायटीत कुणालाही सांगता येत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली, कारण अनेकांना आधी जुलाब झाले होते. महापालिकेने तेव्हा खासगी आरओ प्रकल्पही तपासले, आणि त्यातल्या अनेकांचं पाणी पिण्यायोग्य नव्हतं. पाणी आरओतून निघालं म्हणजे निर्जंतुक राहिलं, असं नसतं. पुढे ते कोणत्या जारमध्ये भरलं, जार कशाने धुतला, हे कोण बघतं?

म्हणून यंत्राआधी तपासणी. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा शासकीय दरात पाणी तपासून देते. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळाही चालतील. दोन नमुने लागतात. रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅनमध्ये साधारण दोन लिटर पाणी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची. नळाची जाळी काढा, तोटी आतून-बाहेरून पुसून ज्योतीने किंवा स्पिरिटने निर्जंतुक करा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आमच्याकडे लोक शीतपेयाच्या बाटलीत आठवडाभर जुनं पाणी आणायचे आणि अहवालावर भांडायचे. पाण्याला वास नाही, रंग नाही, मग नापास कसं, हा तर नेहमीचाच प्रश्न.

अहवालात तुम्ही चार-पाच ओळीच बघायच्या आहेत. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, शून्यच हवेत, एकही चालत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, यात सूट नाही. फ्लोराइड १ पर्यंत, फार तर १.५. कठीणपणा २०० पर्यंत चांगला, ६०० पर्यंत चालतो. नायट्रेट मी मुद्दाम सांगते आहे, कारण वस्ती दाट आणि सांडपाण्याची सोय अर्धवट असली की बोअरच्या पाण्यात ते हमखास वाढतं. त्याला चव नाही, वास नाही, आणि उकळलं तर पाणी आटतं पण नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. त्याचा सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना असतो. तुमचं बाळ त्या वयातून पुढे आलं आहे, तरी घरात लहान मूल असताना हा आकडा माहीत असायलाच हवा. फ्लोराइडचा त्रास आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी दातांवर आणि हाडांवर सोसला आहे. टँकरवाले कुठलं पाणी आणतात ते ठाऊक नसल्यामुळे तेही बघून घ्या.

एक नमुना टँकर चालू असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्ये द्या. दुसरा नमुना पावसाळा लागला की द्या, कारण तेव्हा पाण्याबरोबर जंतूही नवे येतात.

मग यंत्र. नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत असेल आणि खारटपणा सोसवत असेल तर आरओ घेऊ नका. यूव्ही आणि यूएफ एकत्र असलेलं यंत्र पुरेसं आहे. यूएफची जाळी बारीक गाळ आणि जिवाणू अडवते, यूव्हीचा दिवा विषाणूंसकट बाकीचे मारतो. पाणी गढूळ असलं तर दिव्याचा प्रकाश आरपार जात नाही, म्हणून आधी गाळण हवीच. तेही नको असेल तर पातेलं आहे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. फक्त निवताना झाकण ठेवा आणि त्याच भांड्यात राहू द्या. ओतून दुसऱ्यात घेतलं की निम्मी मेहनत वाया. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओला बंदी घाला असं सरकारला सांगितलं होतं, ते उगाच नव्हतं. घरगुती आरओ साधारण एक लिटर पाणी देतो आणि तीनेक लिटर मोरीत सोडतो. चौघांचं पिणं आणि स्वयंपाक दिवसाला पंधरा-वीस लिटर धरा, म्हणजे रोज पन्नास लिटरच्या आसपास गेले. तेही टँकरचे, विकतचे.

नायट्रेट किंवा फ्लोराइड वाढलेलं निघालं, किंवा पाणी वर्षातले बरेच महिने मचूळ असलं, तर मात्र आरओच घ्या. तिथे कसलीही काटकसर नको. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला आरओशिवाय राहा असं सांगणारी मी कोण? पण घेतल्यावर एक गोष्ट तंत्रज्ञाला बजावून करून घ्या. बहुतेक यंत्रांत टीडीएस कमी-जास्त करण्याचा एक छोटा स्क्रू असतो. तो उघडला की मेंब्रेनमधून, म्हणजे गाळणाऱ्या पडद्यातून, न गेलेलं पाणी चवीसाठी शुद्ध पाण्यात मिसळलं जातं. नुसता खारटपणा असेल तर ही सोय छान. पण ज्या नायट्रेटसाठी यंत्र घेतलं ते याच वाटेने पेल्यात परत येतं. नायट्रेट-फ्लोराइडसाठी आरओ घेतलात तर तो पूर्ण बंद ठेवायचा. चव सपक लागेल, लागू द्या.

आरओने खनिजं जातात म्हणून हाडं ठिसूळ होतात, हे भयही मला वारंवार ऐकावं लागतं. लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी दिवसाला अडीच लिटर प्यायलात तर १०० मिलिग्रॅम मिळतं. पेलाभर दुधातून त्याच्या दुप्पट, आणि नाचणीची एक जाड भाकरी तेवढंच देते. दूध-दही, नाचणी, तीळ, पालेभाज्या ताटात असतील तर या तोट्याची भीती बाळगू नका. नसतील तर नळाचं पाणीही तुम्हाला तारणार नाही. मोरीत जाणारं पाणी बादलीत धरा. तुमच्या ६८०च्या पाण्यातून ते ९०० टीडीएसच्या घरात निघेल. फरशी पुसायला, संडासात टाकायला उत्तम, कुंड्यांना रोज मात्र नको.

यंत्र कोणतंही असो, घाण बहुतेक वेळा नंतर होते. यूव्हीने किंवा उकळून मारलेल्या जंतूंच्या जागी नवे येऊ नयेत असं त्या पाण्यात काहीच उरत नाही. क्लोरीन मात्र पाण्यात थोडं शिल्लक राहून राखण करतं. म्हणून सोसायटीच्या सभेत रंगरंगोटीआधी हे विचारा: टाकी शेवटची कधी धुतली, आणि नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन येतं का? खेडेगावातला जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, करतो, पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे. आपल्या सोसायट्यांमध्ये जिमची यंत्रं पुसायला माणूस असतो, ही चाचणी करायला नसतो. घरात माठ ठेवा, पण तोटीचा. नाहीतर दांड्याचं ओगराळं वापरा, पेला बोटांसकट बुडवणं बंद. वाळ्याची जुडी टाकायची हौस असेल तर ती उकळत्या पाण्यातून काढून टाका, दोन-तीन दिवसांनी बदला.

सासूबाईंचा तांब्याचा हंडा राहू द्या. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू मरतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण ते आतून लख्ख भांड्यात आणि ठरावीक तास ठेवल्यावर. घरचा हंडा आतून काळा पडलेला असतो आणि सकाळपासून त्यात वरून भर पडत असते. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार यांना तर तांबं हातही लावत नाही. तेव्हा आधी पाणी शुद्ध करा, मग हवं तर हंड्यात भरा, चिंचेने घासत जा. लिंबाचं सरबत आणि ताक मात्र त्यात कधीच ठेवायचं नाही. अल्कलाइन पाण्याच्या यंत्रावर एक रुपया घालवू नका. जठरात आम्ल आहे, तिथे त्या पाण्याचा अल्कलाइनपणा संपतो. रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करत असतात.

आता गोडाचं. साखर बंद करून गूळ सुरू केला, याबद्दल तुमचे यजमान स्वतःवर खूश असतील. ती खुशी मला जरा कमी करावी लागणार आहे. गुळात मुख्यतः साखरच असते. वर थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी, थोडी खनिजं. १०० ग्रॅममध्ये उष्मांक साखरेचे ४००, गुळाचे ३८०च्या आसपास. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. दगडापेक्षा वीट मऊ, इतकाच हा फरक. उलट मी पाहते ते असं की गुळाची गोडी थोडी कमी लागते म्हणून चहात एकाऐवजी दोन चमचे पडतात, आणि गूळच आहे म्हणून जेवणानंतर एक खडा तोंडात जातो. त्यांना तीन दिवस सगळा गूळ-मध मोजून लिहायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा असं २०१५ साली सांगितलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला २५ ग्रॅम, पाच-सहा छोटे चमचे. त्यात गूळ, मध, काकवी, फळांचा रस, सगळं आलं. दोन चमच्यांचे तीन चहा झाले की कोटा संपला, आणि बिस्किटातली साखर अजून मोजलेलीच नाही.

‘पण गुळात लोह असतं ना!’ असतं, १०० ग्रॅमला तीन ते पाच मिलिग्रॅम धरा. भारतीय स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. दहा ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅम मिळालं, आणि तेही चहाबरोबर, ज्यातलं टॅनिन लोहाचं शोषण कमी करतं. लोहासाठी अळीव, पालेभाज्या, कडधान्यं खा आणि वर लिंबू पिळा.

तरी चवीसाठी गूळ मलाही हवा असतो, पुरणाला आणि मोदकाच्या सारणाला तर हवाच. तो बघून घ्या. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर काढायची जुनी रीत आहे. लोकांना पिवळाधमक गूळ हवा असतो म्हणून हायड्रॉस पावडर पडते, तिचा गंधकाचा अंश गुळात राहतो. अन्नसुरक्षा नियमांत त्याला दशलक्ष भागांत ७० भागांची मर्यादा आहे. म्हणून फार उजळ गूळ मी टाळते. पण काळा म्हणजे सेंद्रिय असंही समजू नका. रस करपला, ऊस शिळा असला तरी गूळ काळाच होतो, आणि आता गिऱ्हाईक काळा मागतं हे व्यापाऱ्यालाही कळलं आहे. खडा पेलाभर पाण्यात विरघळवा, तळाशी पांढरा गाळ बसला तर ती ढेप परत करा. साखर मिसळलेला गूळ मात्र घरी खात्रीने ओळखता येत नाही. चहा फाटत असेल तर गॅस बंद करून, चहा जरा थांबला की गूळ घाला.

मधाचे घरगुती प्रयोग, म्हणजे पाण्यात थेंब सरळ तळाशी जातो, कापसाची वात पेटते, हे सगळं सोडून द्या. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० साली दाखवून दिलं की साखरेचे पाक प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्याही चकवतात, मग आपला पेला कोण? मध थंडीत गोठला तर भेसळ समजू नका, त्यातल्या ग्लुकोजचे खडे होतात. महाबळेश्वरच्या बाजूला जाणं होत असेल तर मधाचं गाव म्हणून जाहीर झालेल्या मांघरसारख्या ठिकाणाहून आणा. पण तोही चमच्यांच्या हिशेबात. सकाळी कोमट पाण्यात मध घेऊन वजन उतरत नाही. खडीसाखर, खांडसारी, ब्राऊन शुगर यांवर मी शब्द खर्च करत नाही. साखरच ती. गोव्याचा माडाचा काळा गूळ चवीला अप्रतिम, पण तोही गूळच. खजूर थोडा बरा, त्यात चोथा असतो आणि दोन-तीनच्या पुढे खाववत नाही. पण खजुराचं विकतचं सिरप आणलंत तर चोथा गेला आणि साखर राहिली.

स्टीव्हिया या गोड पानांच्या झाडाबद्दल ताईंनी स्वतंत्र विचारलं आहे. पानांतल्या गोड घटकाला भारतात २०१५पासून परवानगी आहे, त्याने रक्तातली साखर वाढत नाही. पुडी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक पुड्यांत स्टीव्हिया नावापुरती आणि बाकी भरताड असतं. ते डेक्स्ट्रोज असेल तर ती पुन्हा साखरच. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करायला अशा गोडव्यांचा आधार घेऊ नका असं सांगितलं, त्यात स्टीव्हियाही आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. तुमच्या यजमानांना अजून मधुमेह नाही, ते उंबरठ्यावर आहेत. त्यांना मी पुडीवर आणणार नाही, गोडाची तार कमी करायला लावीन. चहात दोन चमचे असतील तर या आठवड्यापासून दीड, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. आलं, गवती चहा, वेलदोडा वाढवा. एकदम बंद करणारे आठव्या दिवशी मिठाईच्या दुकानात सापडतात. सणाची पुरणपोळी गुळाचीच करा, एक खा, तुपाबरोबर खा, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी जेवणानंतर दोघं पंधरा-वीस मिनिटं चालून या.

तपासणी मात्र तीन महिन्यांनी पुन्हा करा. एचबीएवनसीमध्ये आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, महिनाभरात केलीत तर या मधल्या काळातल्या गुळाचाच हिशेब हाती येईल.